सोलापुरात मॅप लावून कुठं पोचलात?

आपल्याकडं पत्ता म्हणजे एक खूण, तिच्या समोरची दुसरी खूण आणि शेवटी ‘तिथं आलात की फोन करा’. जुनी मिल बंद पडून जमाना झाला, तरी ‘जुनी मिलजवळ’ म्हटलं की रिक्षा बरोबर थांबते. कंबर तलावाचं कागदावरचं नाव धर्मवीर संभाजी तलाव आहे, पण सकाळी फिरायला जाणारे कंबर तलावावरच जातात. मॅपला हे कोण सांगणार? त्यात एकतर पाटीवरचं नाव असतं, नाहीतर कुणीतरी इंग्रजीत ठोकलेल्या स्पेलिंगवरून परत मराठीत आणलेलं. म्हणून बाळे या वस्तीचं ‘बाले’ होतं आणि शेळगीचं ‘शेलगी’.

एक तांत्रिक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे खाली त्यावर वाद नकोत. घर नंबर सापडला नाही तरी मॅप बहुतेक वेळा तसं स्पष्ट सांगत नाही, एकेक पायरी वर चढत जातो. नंबर नाही तर गल्ली, गल्ली नाही तर पेठ, पेठ नाही तर पिनकोड. जे हाती लागेल त्याच्या साधारण मध्यावर टाचणी टोचून मोकळा. अंदाजाची टाचणी खऱ्या टाचणीइतकीच ठाम दिसते, खरी गोम इथं आहे. त्यात आपल्या पेठांतले घर नंबर रस्त्यानं ओळीत जात नाहीत, त्यामुळं शेजारच्या नंबरावरून अंदाज बांधायची सोयही नाही.

काय शोधलं, कुठं पोचलात, शेवटी कसं सापडलं ते लिहा. ॲपचं, दुकानाचं, पार्सलवाल्या पोराचं नाव नको.

लग्नघर, शनिवार पेठ

भाचीच्या लग्नाला लातूरहून पाहुण्यांची गाडी निघाली. पोरानं मागच्या सीटवरून ‘शनिवार पेठ’ एवढंच टाकलं आणि पहिलं आलं ते दाबलं. मंगळवार, शुक्रवार, शनिवार, भवानी या पेठा पुण्यातही आहेत आणि मॅपला पुणं जास्त आवडतं. औसा, तुळजापूर करत यायचं सोडून मंडळी मुरूडमार्गे बार्शीला. तिथं चहाला उतरल्यावर टपरीवाल्यानं विचारलं, “पुण्याला निघालाव का?” मग वैराग करत सोलापूर. अक्षता हुकल्या, पंगत सापडली. मामांनी आहेराचं पाकीट देतानाही पोराकडंच बघितलं.

पत्रिकेवर आता आम्ही पेठेच्या आधी सोलापूर छापतो, शेवटी पिनकोडसकट.

रिक्षा, एसटी स्टँड

मालक, आमच्याकडं रोज हाय हे. परवा एकानं मोबाईल पुढं केला, “विजापूर वेस, किती घेणार?” स्क्रीनवर शंभर किलोमीटर! २०१४ पासून विजापूरचं विजयपुरा झालंय, पण मॅपला दोन्ही नावं ठावं हायत. फक्त ‘वेस’ त्यानं गिळली. म्हटलं, रिक्षा हाय ही, लक्झरी नव्हं. बसा, हितंच हाय.

रक्ततपासणी, अक्कलकोट रोड

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी सातची वेळ, आजी उपाशीपोटी बसलेल्या आणि पत्ता फक्त ‘विडी घरकुल’. बाहेरच्यांसाठी सांगते, विडी घरकुल म्हणजे विडी कामगारांची वसाहत. हैदराबाद रोडला एक जुनं विडी घरकुल आहे. कुंभारीला गोदूताई परुळेकर विडी घरकुल आहे, तिथं दहा हजार घरं. शिवाय कुंभारीतच रे नगर, तीस हजार घरांची योजना, त्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या ताब्यात आली. टाचणीनं मला हैदराबाद रोडला नेलं. आजी होत्या कुंभारीत.

तिथं पोचल्यावर पुढचा गोंधळ. घरं सगळी एकसारखी, भिंतीवरचे नंबर पावसानं धुतलेले नाहीतर रंगाखाली गेलेले. मॅपमध्ये नुसता करड्या रंगाचा पट्टा. एका उंबऱ्यावर बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. मी नंबर सांगितला, तो त्यांनी ऐकूनच सोडून दिला. हात न थांबवता विचारलं, “विडी कुठल्या ब्रँचला देते ती?” ब्रँच म्हणजे वळलेल्या विड्या जमा करायची जागा. आजींच्या सुनेला फोन करून विचारलं आणि ब्रँच सांगितली. बाईंनी लगेच मान वळवली, “दोन गल्ल्या सोडून, कोपऱ्यावर बोअर हाय, तिच्या मागं.” बरोबर तिथंच.

आता मी बुकिंगच्या वेळीच लोकेशन मागते, आणि तेही दाराबाहेर उभं राहून पाठवायला सांगते. छताखाली सिग्नल नीट मिळत नाही, अशा दाटीच्या घरांत टाचणी सहज पलीकडच्या गल्लीत उडी मारते. पाठवायच्या आधी निळा ठिपका आणि त्याभोवतीचं फिकट वर्तुळ बघा. वर्तुळ मोठं असेल तर थोडं थांबा, ते लहान होतं.

सात रस्ता

मॅपमधली बाई म्हणते, चौथ्या बाजूनं बाहेर पडा. मोजेपर्यंत मागचा हॉर्न मारतो. पुढं बोलायचं काही नाही.

टॅक्सी, होटगी रोड

२०२५ मध्ये होटगी रोडवरून विमानं सुरू झाली आणि आमचे ताप वाढले. ‘सोलापूर विमानतळ’ शोधलं की कधीकधी बोरामणीची टाचणी येते. बोरामणी हैदराबाद रोडला, तिथं विमानतळासाठी जागा घेतलेली आहे, विमानतळ नाही. एक बाई नातवाला घेऊन दुसऱ्या गाडीनं तिकडं पोचल्या आणि मला फोन. “अहो, इथं शेरडं चरतायत!” होटगी रोडला आणेपर्यंत घामटा निघाला. विमानाला उशीर होता म्हणून मिळालं. पाहुण्यांना निरोप पाठवताना ‘होटगी रोड’ हे दोन शब्द विसरू नका.

बाळीवेस

सिद्धेश्वरांच्या गावभरच्या अडुसष्ट लिंगांचं दर्शन एका दमात करायचं म्हणून आम्ही मित्रांनी मॅपवर यादी करायला घेतली. सिद्धेश्वर यात्रेत भोगीच्या दिवशी तैलाभिषेकाला नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, जातात तोच फेरा. बरीच लिंगं मॅपवर नाहीतच. काही नुसती ‘शिव मंदिर’ म्हणून, अशी शिव मंदिरं गावात पैशाला पासरी. एक लिंग टाचणीप्रमाणं रस्त्याच्या मधोमध होतं. प्रत्यक्षात ते बाजूच्या वाड्याच्या आत, आणि वाड्यातल्या काकू म्हणाल्या, चप्पल बाहेर काढा, गेट लोटून घ्या, मांजर येतं. यादी शेवटी फेऱ्याला दरवर्षी जाणाऱ्या एका आजोबांकडून पुरी झाली. त्यांनी नावं क्रमानं म्हणून दाखवली, आम्ही टाचण्या टोचत गेलो. यात्रेच्या दिवसांत मात्र होम मैदानाकडं मॅपच्या भरवशावर गाडी घालू नका, रस्ते बंद असतात आणि मॅपला ते उशिरा कळतं.

नकाशा दुरुस्त करणारा, जुळे सोलापूर

नुसतं रडून चालणार नाही, दुरुस्ती करता येते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशावर एकाच ठिकाणाला मुख्य नाव, मराठी नाव, जुनं नाव, लोकांच्या तोंडचं दुसरं नाव असे वेगळे रकाने आहेत. कंबर तलाव आणि संभाजी तलाव दोन्ही सुखानं नांदतात. इतर मॅपवरही दुरुस्ती सुचवायची सोय असते, ती तपासूनच लागते, म्हणून पाटीचा स्वच्छ फोटो जोडा. विनंती एकच, नवं नाव टाकताना जुनं पुसू नका, लोक जुन्यानंच शोधतात. आणि मंडळाचं नाव चौकाला देऊन टाकणाऱ्या पोरांनो, ते आम्ही काढतो, तुम्ही परत टाकता, हा खेळ बंद करा.

निवृत्त पोस्टमन, रेल्वे लाईन्स

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला तो पत्रांची छाननी करायला, घर शोधायला नव्हे. एका पिनकोडात कितीतरी वस्त्या येतात. घरासाठी आता टपाल खात्याचा डिजिपिन आहे, मे २०२५ पासून. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा कोड. वरच्या मजल्यालाही तोच कोड लागतो, म्हणून मजला वेगळा लिहायचा. माझ्या गेटवर मी रंगवून घेतलाय. पार्सलवाला पोरगा तो बघून विचारतो, “काका, हा कुठल्या गाडीचा नंबर?”

हार्डवेअरचं दुकान, कारखान्याजवळ

आमच्या बिलबुकावर ‘चिमणीसमोर’ असा पत्ता. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, विमानांच्या आड येते म्हणून. लांबून दिसणारी खूण गेली आणि मॅपवर आमचं दुकान मागच्या रस्त्याला आहे. नवीन बिलबुक छापायला टाकायचंय. काय लिहू?

टॅक्सी, होटगी रोड

‘विमानतळाजवळ’ लिहा की.

हार्डवेअरचं दुकान, कारखान्याजवळ

म्हणजे गिऱ्हाईक बोरामणीला पाठवू?