'भाऊ असावा तर इताचीसारखा' म्हणे!

पर्वती_पायथा
भाऊबीजेला इथेच एका सदस्यानं चित्र टाकलं होतं. 'नारुतो' या जपानी ॲनिमे मालिकेतला इताची, अंगात काळा झगा, त्यावर लाल ढग, आणि खाली ओळ: 'भाऊ असावा तर इताचीसारखा. जगाच्या शिव्या खाल्ल्या, पण धाकट्याला वाचवलं.' त्यावर बदामांचा नुसता पाऊस. सणासुदीला कशाला म्हणून मी गप्प बसलो. काल तुळशीबागेच्या तोंडाशी एका मुलाच्या टी-शर्टवर तोच झगेवाला बघितला आणि डोकं फिरलं.

स्पॉयलरचा इशारा देत नाही. मालिकेचं पुढचं पर्व 'शिप्पुदेन' २०१७ला संपलं, आता काय लपवायचं?

तर या आदर्श दादाची करणी. वय वर्षं तेरा. एका रात्रीत आई, बाप, अख्खं कूळ साफ. गल्लीत तांदळाची कुरकुरीत बिस्किटं विकणारे काका-काकूसुद्धा सोडले नाहीत. सात-आठ वर्षांचा धाकटा भाऊ सासुके सराव करून घरी येतो, तर प्रेतं. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून डोळ्यांच्या जादूनं आईबाप कसे मेले ते त्याला पुन्हा दाखवलं. वर सल्ला, माझा द्वेष कर आणि जगत राहा. काही वर्षांनी परत भेट झाली तेव्हा पोराचं मनगट मोडलं आणि तीच जादू पुन्हा केली. वैद्यकी जाणणारी त्सुनादे येईपर्यंत सासुके बेशुद्ध.

शनिवारवाड्यात निदान 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका तरी आहे. इथे गावचा पुढारी दांझो, त्याच्या हुकमात पहिल्यापासून 'मा'च होता, आणि आमच्या बाळानं तो नीट वाचून मान डोलावली.

असा भाऊ कुणाला हवाय त्यांनी हात वर करा.

कावळा_नंबर_एक
हात वर. दोन्ही.

मालिका बघितलीत की नुसती रीळं? इताचीचा बाप फुगाकू आणि उचिहा कुळातली मंडळी बंड करणार होती. बंड झालं असतं तर गावात यादवी, आणि त्यांचं गाव कोनोहा कमजोर पडलं की बाकीची गावं चढाई करायला टपलेलीच. इताचीनं चौथ्या वर्षी युद्धात प्रेतांचा खच पाहिलाय. मित्र शिसुईकडे बिनरक्ताचा उपाय होता, तर दांझोनं त्याचा डोळाच काढून घेतला. उरलं काय? एक, सगळे उचिहा मरतात, सासुकेसकट. दोन, सगळे मरतात, सासुके सोडून. तुम्ही काय केलं असतंत? पर्वती चढून विचार केला असतात?

आणि आजारपण अंगावर काढत जगला, ते धाकट्याच्या हातून मरायचं म्हणून. ते सोयीस्करपणे गाळलंत.

रामेनवाली
अहो पण दोनच पर्याय होते हे कुणी ठरवलं? दांझोनं. ज्याच्या हातावर नंतर मेलेल्या उचिहांचेच डोळे बसवलेले निघाले, त्यानं! तिसरा होकागे, म्हणजे गावचा प्रमुख, म्हणे वाटाघाटी करू पाहत होता. केल्या? नाही. कत्तल झाल्यावर सगळं माहीत असून चिलीम ओढत बसला. मला राग इताचीपेक्षा त्या म्हाताऱ्याचा येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'मी बघतो' म्हणणारे असेच असतात.

रच्याकने (जाता जाता), मिकोतोबद्दल कुणी का बोलत नाही? दोन्ही पोरांची आई. मुलगा तलवार घेऊन मागे उभा, आणि बाई शांतपणे बसून. सातशेवीस भागांत तिच्या मनात काय चाललं होतं याला किती मिनिटं दिली? सासुकेच्या बायकोचं, साकुराचं, तर मी काढतच नाही.

काढतेच. मनगट मोडणाऱ्या भावाच्या भावाशी लग्न लावून दिलं तिचं, आणि तो वर्षानुवर्षं घराबाहेर. तरी ही बाई हसतमुख.

मिसळ_कमी_तिखट
साकुरावर धागा घसरायच्या आत माझे दोन पैसे. मी मुलाबरोबर हिंदीत बघतोय. इताची शेवटी सासुकेच्या कपाळावर बोट टेकवतो तिथे डोळे पुसले. त्यामुळे माझं मत कावळ्याला. मोदक घ्या.

फक्त_सबटायटल
हिंदीत??

तरीच. मूळ जपानीत सासुके लहानपणी 'नी-सान', म्हणजे दादा, म्हणतो, आणि त्या रात्रीनंतर नुसतं 'इताची'. पुढे सगळी कहाणी संपल्यावर मेलेला भाऊ परत येतो आणि ते 'नी-सान' पुन्हा बाहेर पडतं. अख्खी मालिका त्या एका हाकेत आहे. डबिंगमध्ये चुलीत घातली असेल.

मिसळ_कमी_तिखट
आम्ही चुलीवरच वाढलोय. दूरदर्शनवरचा मोगली जपानचाच होता, निप्पॉन ॲनिमेशननं १९८९ला केलेला. तो काय जपानीत बघितलात तुम्ही? २०२५च्या सप्टेंबरात 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' लागला तेव्हा हिंदीच्या खेळाला माझा नऊ वर्षांचा मुलगा खुर्चीवरून उठून ओरडत होता. त्याला काय इंग्रजी पाट्या वाचायला लावू? त्या वाचताना चित्र कोण बघणार, तुमचे तीर्थरूप?

फक्त_सबटायटल
तीर्थरूपांपर्यंत जायचं कारण नाही. मुलासाठी डब, समजलं. पण स्वतः 'डोळे पुसले' म्हणून मत देताय ना? ते मत डबिंग कलाकाराला गेलं, इताचीला नाही.

आणि हिंदीच का? मराठीत हे किती चपखल बसेल बघा. 'दादा' ते 'इताची' आणि परत 'दादा'. सोबत 'तू' आहेच. इंग्रजी पाटीत 'बिग ब्रदर' वाचताना माझ्या दाताखाली खडा येतो.

रामेनवाली
मराठीत नायक नारुतोच्या 'दात्तेबायो'चं काय करणार?

फक्त_सबटायटल
'बरं का!' 'मी होकागे होणार, बरं का!' बसतंय की नाही? शब्दाला स्वतःचा अर्थ नाही, नुसता लकब म्हणून येतो. त्याची आई कुशिना 'दात्तेबाने' म्हणते, तिला 'बरं बाई' द्यायचं.

मिसळ_कमी_तिखट
आणि त्याच्या मुलाचं, बोरुतोचं, 'दात्तेबासा'?

फक्त_सबटायटल
'बरं ना'. नवी पिढी.

रामेनवाली
हाहाहा, हे मान्य. पण 'मी'चं काय? नारुतो स्वतःला 'ओरे' म्हणतो, उद्धट पोरासारखा. तिसरा होकागे 'वाशी', म्हाताऱ्यांचं. आपल्याकडे सगळ्यांना एकच 'मी'.

फक्त_सबटायटल
'आपण'! कट्ट्यावरचा 'आपण'. 'आपण होकागे होणार, बरं का.' म्हाताऱ्याला 'आम्ही'.

आणि नारुतो गुरू जिरायाला 'एरो-सेनिन' म्हणतो त्याचं मराठी माझ्याकडे तयार आहे: 'चावट बुवा'.

कावळा_नंबर_एक
मूळ मुद्दा कत्तलीचा होता. तुम्ही लोक बारसं करत बसा.

शनिवारी_सुट्टी
गावाचं नावही घ्या मग उरकून. कोनोहागाकुरे म्हणजे पानांआड लपलेलं गाव. सरळ 'पानशेत' ठेवा. एक खलनायक पेननं सपाट केलं, दुसरं फुटून पुण्याला घेऊन गेलं. दिवे घ्या (हलकं घ्या).

नदीकाठची
दिवा नाही घेणार.

१२ जुलै १९६१. माझी आजी नारायण पेठेत राहायची. अंगावरच्या पातळानिशी गच्चीवर चढली. खाली आयुष्यभराची भांडीकुंडी, आजोबांची पेटी, सगळं गेलं. नंतर कितीतरी महिने भिंतीवर पाण्याची रेघ होती म्हणायची. पांढरं केलं तरी पावसाळ्यात परत उमटायची. ती रेघ दाखवायला मला जुन्या वाड्याच्या जागी घेऊन गेली, तर तिथे पार्किंग. तिनं हात उंच करून हवेत रेघ दाखवली, 'इथपर्यंत' म्हणून.

मालिका मीही बघते. कोनोहा भुईसपाट होतं आणि नंतर सगळे जिवंत होतात. पुण्यात कुणी झालं नाही.

शनिवारी_सुट्टी
विनोद होता हो. पुण्यात विनोदालाही पाटी लावायची का आता, 'येथे हसू नये'?

नदीकाठची
लावा. दुपारी १ ते ४ तर नक्कीच लावा.

शनिवारी_सुट्टी
बरं, पानशेत मागे. आजींची माफी. तुमची नाही.

पर्वती_पायथा
चाळीस प्रतिसाद, त्यातले तीस व्याकरणाचे. धन्य.

कावळ्यानं विचारलं होतं, तुम्ही काय केलं असतंत. मी थोरला नाही, धाकटा आहे. म्हणून हा धागा.

बारावीच्या परीक्षेच्या आठवड्यात दादा म्हणाला, बाबा कामासाठी नाशिकला गेलेत, फोन लागत नाही तिथे. बाबांची कोल्हापुरी दारातच होती. ते बाहेर जाताना दुसरं काही घालायचे नाहीत. मी ती चप्पल बघितली, तिच्याशेजारी माझे बूट काढले आणि आत जाऊन बायोलॉजीचं पुस्तक उघडलं. विचारलं नाही, कारण दादा खोटं बोलत नाही. शेवटचा पेपर देऊन आलो तर जिन्यात चपलाच चपला. हॉस्पिटलमध्ये सहा दिवस होते बाबा. शुद्धीवर असताना दोनदा माझ्याबद्दल विचारलं होतं, हे मावशीकडून कळलं. वर्षभरानं.

मला मार्क चांगले पडले. दादा अजून सांगतो, 'तुझ्या भल्यासाठी केलं.' आणि सगळे नातेवाईक मान डोलावतात, केवढा त्याग त्याचा, एकट्यानं सोसलं. मला कुणी विचारलं नाही मला काय हवं होतं.

म्हणून इताचीच्या नावानं बदाम पडले की माझं टाळकं सरकतं. सोसलं ना त्यानं, नाही कोण म्हणतो? पण धाकट्याच्या वतीनं परस्पर ठरवलं, वर त्याच्या डोक्यात खोटं भरलं, आणि त्यालाच आयुष्यभर त्या खोट्यावर जगायला लावलं. सासुके पुढे अख्खं गाव जाळायला निघाला तो कुणामुळे? खरं कळल्यावर निघाला. खरं लपवल्यामुळे.

रामेनवाली
मिकोतोचं मी नंतर बोलते.

कावळा_नंबर_एक
वाचलं. दोनदा.

आता माझी बाजू. मी थोरला. आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा धाकटा तिकडे औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी खरं सांगितलं, कारण मला तुमच्यासारखेच विचार होते. रातोरात एसटीनं आला, दोन पेपर बुडाले, वर्ष गेलं, कॅम्पसची नोकरी गेली. आई ठणठणीत आहे. आजही भांडण झालं की तो म्हणतो, 'आठ दिवस गप्प बसता आलं नाही तुला?'

म्हणजे सांगितलं तरी थोरल्याचं चुकलं, नाही सांगितलं तरी थोरल्याचंच. इताची मला आवडतो तो यासाठी. तेरा वर्षांचं पोर, आणि समोर एकही उत्तर बरोबर नाही.

पर्वती_पायथा
तुमच्या भावाचं वर्ष गेलं. पण त्याला ते घालवायचं की नाही हे त्यानं ठरवलं, तुम्ही नाही. फरक तोच.

कावळा_नंबर_एक
त्याला सांगून बघा हे. नंबर देऊ?

फक्त_सबटायटल
मध्ये तोंड घालतो, क्षमस्व. चौथ्या युद्धात परत आलेला इताची स्वतःच कबूल करतो की सगळं एकट्यानं करायला गेलो हीच चूक झाली, आधीच तुझ्यासमोर बसून खरं बोललो असतो तर कदाचित तू आईबापांना, कुळाला बदलवलं असतंस. म्हणजे खुद्द आरोपीनं गुन्हा मान्य केलाय. वकीलच ऐकायला तयार नाहीत.

कावळा_नंबर_एक
माहितीये तो प्रसंग. तुमच्याआधी बघितलाय, सबटायटलसकट.

ठीक आहे. 'आदर्श भाऊ' हे शब्द मागे घेतो. भाऊबीजेचं ते चित्र मीच टाकलं होतं, एव्हाना ओळखलंच असेल. 'भाऊ असावा तर इताचीसारखा' याऐवजी 'भाऊ असावा, इताचीसारखा नसला तरी चालेल' असं करतो. खूश? टी-शर्टवर मावणार नाही, पण तुमच्या समाधानासाठी. दांझोबद्दल मात्र एक शब्दही मागे नाही. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

मिसळ_कमी_तिखट
माझा मोदक परत द्या मग.

कावळा_नंबर_एक
खाल्ला.

पर्वती_पायथा
कावळ्या, ते चित्र तुमचं होतं हे मला खरंच ठाऊक नव्हतं. धागा तसाच काढला असता, पण पर्वतीचं वाक्य वाचून एवढा चिडलो नसतो.

रामेनवाली
हेमाशेपो म्हणून परत आलेच हे. आता तरी मिकोतो?

नदीकाठची
मिकोतोला माझं अनुमोदन. शेवटच्या क्षणी बापाला दोन वाक्यं बोलायला मिळतात, 'तू मनाचा चांगला आहेस' वगैरे. ती नुसती 'आम्हाला कळतंय' म्हणते. आईला सगळं कळतं एवढं म्हणायचं आणि पुढे जायचं, ही लेखकांची जुनी खोड आहे. माझ्या आजीलाही पुराबद्दल वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं नव्हतं, आजोबांना विचारलं. ते त्या दिवशी पुण्यातच नव्हते.

शनिवारी_सुट्टी
हे भारी आहे. आता तुमचीही माफी मागतो.

फक्त_सबटायटल
ते 'चावट बुवा' फायनल ना मग? मुलाला विचारा मिसळवाले, कसं वाटतंय.

मिसळ_कमी_तिखट
विचारलं. तो म्हणतो 'बुवा म्हणजे काय?'