फूजी म्हणजे गिटार वगळलेले जूजू संगीत आहे का?

स्वरशोधक (प्रश्न):
नायजेरियातील योरुबा लोकांचे जूजू संगीत मी किंग सनी अडे यांच्या १९८२ च्या ‘जूजू म्युझिक’ या अल्बमपासून ऐकत आलो आहे. अलीकडे सिकिरू अयिंडे बॅरिस्टर यांची फूजी ध्वनिमुद्रणे ऐकली, तेव्हा बोलके ढोल आणि मुख्य गायकाला साथीदारांनी दिलेली उत्तरे ओळखीची वाटली. मात्र गिटार जवळपास नाहीच आणि गळ्याची फिरतही निराळी. गिटार काढून टाकलेले जूजू म्हणजे फूजी, असे मानणे योग्य ठरेल का?

पखवाजप्रेमी:
माझ्या मते नाही, कारण दोन्हींचे कूळच वेगळे आहे. जूजू १९३० च्या दशकात लागोसमध्ये तुंडे किंग यांच्यासारख्या गायकांच्या हातून आकाराला आले आणि त्यावर चर्चमधील स्तोत्रगायनाचा ठसा स्पष्ट आहे. फूजीचे मूळ मात्र मुस्लिम योरुबा वस्त्यांतील ‘वेरे’ गायनात आहे. रमजानमध्ये उजाडण्यापूर्वी, लोकांना सहरीसाठी जागे करत मुलांचे ताफे ढोल वाजवत गल्ल्यांतून फिरत आणि पुढे या ताफ्यांच्या स्पर्धाही भरू लागल्या. १९४८ साली जन्मलेले बॅरिस्टर लहानपणापासून हेच गात होते. यादवी युद्धाच्या काळात ते सैन्यात होते. त्यानंतर त्यांनी या एका महिन्यापुरत्या गायनाला बारमाही व्यावसायिक रूप दिले. आपल्याला जाणवलेली गळ्याची फिरत ही कुराणपठण आणि अजान ऐकत घडलेल्या कानाची आहे. नाव तेवढे जपानी पर्वताचे; विमानतळावरील एका भित्तिपत्रकावरून ते सुचल्याचे बॅरिस्टर सांगत.

मध्यलय:
वरील उत्तरात एक भर घालतो. वेरे आणि फूजी यांच्यामध्ये अपाला आणि साकारा या दोन शैली विसरून चालणार नाही. हारुना इशोला यांचा अपाला आणि युसुफ ओलातुंजी यांचा साकारा बॅरिस्टर यांनी मनसोक्त पचवला होता. साकारात मातीच्या कड्यावर कातडे ताणलेले छोटे वाद्य आणि एकतारी सारंगीसारखे गोजे असते. गिटारची तेथे गरजच नव्हती.

बोलक्या ढोलावरून मात्र फसगत होऊ शकते. डमरूच्या आकाराचा हा ढोल काखेत धरून त्याच्या दोऱ्या दाबल्या की स्वर चढतो, आणि योरुबा भाषेत स्वराच्या चढउतारावर अर्थ ठरत असल्यामुळे त्यावर अक्षरशः म्हणी आणि नावे ‘बोलता’ येतात. जूजूमध्ये तो १९४० च्या दशकाच्या अखेरीस आला. विजेच्या ध्वनिवर्धकामुळे गिटार आणि गायकाचा आवाज ढोलापुढे टिकू लागला, तेव्हा. म्हणजे जूजूच पारंपरिक वाद्यांकडे सरकले, आणि म्हणून आपल्याला दोन्ही सारखे भासतात.

स्वरशोधक:
दोघांचेही आभार. मग श्रोतृवर्गही धर्मानुसार विभागलेला होता का?

पखवाजप्रेमी:
तसे काटेकोरपणे म्हणता येणार नाही. लग्नसमारंभांत दोन्ही प्रकारांना मागणी असे. गायक यजमानाच्या नावाने स्तुती गाऊ लागला की तो पुढे येऊन गायकाच्या कपाळावर एकेक नोट चिकटवतो. आपल्या तमाशातील दौलतजादाच म्हणा. या कमाईमुळेच बॅरिस्टर आणि दुसरे फूजी गायक अयिन्ला कोलिंग्टन यांच्यातील चढाओढ गाजली. पुढे वासिऊ अयिंडे यांच्या पिढीने फूजीत कीबोर्ड आणि सॅक्सोफोनही आणले, त्यामुळे केवळ वाद्ये पाहून प्रकार ओळखण्याची कसोटी अलीकडच्या ध्वनिमुद्रणांना लागू पडत नाही.