शाळा व्यवस्थापन समितीची निवडणूक : उमेदवारांनी आधी कशाबद्दल बोलावे?

पालक, घाटंजी तालुका (धागा सुरू करणारे)

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत येत्या आठवड्यात पालक सभा होऊन शाळा व्यवस्थापन समितीची फेररचना व्हायची आहे. आजवर चार वजनदार माणसे बसून नावे ठरवत आणि सभेत ती ‘सर्वानुमते’ म्हणून वाचून दाखवली जात. या वेळी जागांपेक्षा इच्छुक जास्त असल्यामुळे मतदान होईल असे दिसते, आणि ते व्हावे असेच मला वाटते. मात्र ही मंडळी घरोघर फिरून जे सांगत आहेत, त्यात आवारभिंत, प्रवेशद्वारावरची कमान, डिजिटल वर्ग आणि पहिलीपासून सेमी इंग्रजी यांच्या पलीकडे काही नाही. मुलांना वाचता येते का, हा प्रश्न एकाही उमेदवाराने काढलेला नाही.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 ने ही समिती निर्माण केली, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात असे ठरवले. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कसे खर्च होते हे पाहणे, ही कामे कायद्यानेच तिला नेमून दिली आहेत आणि त्यांत देखरेख सर्वात आधी येते. भिंत बांधण्यासाठी ग्रामपंचायत आहे. मुलांच्या शिकण्याकडे पाहायला पालकांची ही एकच जागा आहे.

शेजारच्या चौथीतल्या मुलाला मी मध्यंतरी मराठीचे पुस्तक देऊन ओट्यावर बसवले. चित्र पाहून त्याने धडा बरोबर सांगितला, कारण वर्गात ऐकून तो त्याला पाठ झाला होता. पण एकेका शब्दावर बोट ठेवून ‘हा वाच’ म्हटल्यावर त्याने ‘पाऊस’ वाचला, ‘पुस्तक’मधल्या जोडाक्षराशी अडखळला आणि ‘प्रवास’ या शब्दाला गप्प बसला. मुलगा हुशार आहे, शाळेतही नियमित जातो. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट 2026-27 पर्यंतसाठी ठेवले आहे, आणि आमच्या उमेदवारांच्या तोंडी त्याचा उल्लेखही नाही.

दुसरी बाब कापसाच्या वेचणीची. सोयाबीनची सोंगणी आटोपून वेचणी सुरू झाली की पाचवी-सहावीच्या मुली लहान भावंडांना सांभाळायला घरी राहतात किंवा आईबरोबर वावरात जातात, आणि दिवाळीनंतर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. या दोन गोष्टींवर जो उमेदवार ठोस बोलेल, त्यालाच मी मत देणार आहे. आपणा सर्वांना काय वाटते?

माजी समिती अध्यक्ष, आर्वी तालुका

भाऊ, आपली तळमळ खरी आहे, पण क्रम मला मान्य नाही. आधी शाळा टिकली पाहिजे, आणि जिल्हा परिषदेची शाळा पटावर टिकते. कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 व्या मुलाला तिसरा शिक्षक मिळतो. म्हणजे काठावरच्या शाळेतून दोन घरची मुले कॉन्व्हेंटच्या व्हॅनमध्ये बसली तर एक शिक्षक जातो, आणि उरलेल्या दोघांना पाच वर्ग सांभाळावे लागतात. त्या परिस्थितीत आपण म्हणता ते वाचन कोण शिकवणार? 30 सप्टेंबरचा पट, तोही आधार जुळलेल्या मुलांचा, संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळतील हे ठरवताना, धरला जातो. आमच्याकडे जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे, एवढ्या कारणाने वर्गात बसलेली मुले मोजणीतून सुटत होती. ती जुळवून घेण्यासाठी समितीच्या सदस्यांनी पालकांना सोबत घेऊन तालुक्याच्या खेपा घातल्या, आणि माझ्या मते त्या वर्षातले समितीचे सर्वात मोलाचे काम तेच होते.

सेमी इंग्रजीची मागणी उमेदवारांनी शोधून काढलेली नाही. ती पालकांची आहे. मजुरी करणारी आईसुद्धा पोटाला चिमटा घेऊन कॉन्व्हेंटची फी भरते, कारण पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आले की आपला मुलगा मागे पडेल अशी तिला भीती आहे. ती भीती घालवण्याचा उपाय शाळेत दिसला नाही तर ती मुलाला काढून नेणार, आणि तिला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. आवारभिंतीचे म्हणाल, तर पावसाळ्यात उघड्या आवारात गुरे शिरतात, गवतात साप निघतात, आणि लहान मुलाला शाळेत सोडताना आईचा जीव वर-खाली होतो. अनुसूचीत आवारभिंत, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, स्वयंपाकघर आणि खेळाचे मैदान हे सारे शाळेचे निकष म्हणूनच दिलेले आहे. ही हौस नव्हे.

एक आई, अचलपूर तालुका

वरील दोन्ही लेखनांत एक मुद्दा सुटला आहे. ही सभा किती वाजता आहे? आमच्याकडे ती सकाळी 11 ला ठेवतात. त्या वेळी बाया निंदणाला गेलेल्या असतात, आणि दिवसाची मजुरी बुडवून सभेला येणे कोणाला परवडत नाही. सभेला मग पुरुष आणि गावातले रिकामे पुढारी येतात, स्त्रियांच्या निम्म्या जागांवर त्यांच्याच घरच्या बायांची नावे लिहिली जातात आणि सहीसाठी रजिस्टर घरी पाठवले जाते. सभा संध्याकाळी, वावरातून परत आल्यावर घ्या, मग कोणाचा प्राधान्यक्रम काय आहे ते आपोआप कळेल.

माझा क्रम विचाराल तर मुलींचे स्वच्छतागृह. इमारत आहे, दाराला कुलूप आहे, कारण टाकीत पाणी चढत नाही. सहावी-सातवीची मुलगी महिन्यातले ते चार-पाच दिवस घरी राहते आणि हजेरीपटावर त्याचे कारण कोणी लिहीत नाही. घाटंजीच्या भाऊंनी वेचणीचे कारण सांगितले ते खरे आहे, पण एकमेव नाही. समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे मिळते, आणि त्यातली किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. मोटार दुरुस्त करण्यासाठी याहून वेगळा निधी शोधावा लागत नाही. तो खर्च समितीसमोर दर वर्षी वाचून दाखवा, एवढेच मी उमेदवारांना सांगेन.

सेवानिवृत्त मुख्याध्यापक, वणी

समितीचा सचिव म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. पालकांनी वर्गात येऊन मुलांचे वाचन तपासावे या दिशेने ही चर्चा जात असेल, तर माझा त्याला विरोध आहे. मूल का अडखळते हे ओळखणे हे प्रशिक्षणाचे काम आहे. जोडाक्षराशी अडणारा, नजर कमजोर असल्यामुळे अडणारा आणि घरची भाषा वेगळी असल्यामुळे अडणारा, या तिघांचे उपाय तीन वेगळे आहेत. समिती परीक्षक झाली की शिक्षक सावध होतो, सोपे तेवढे मुलांकडून घोकून घेतो, आणि आपण वर वर्णिलेला पाठ झालेला धडा आणखी पक्का पाठ होतो.

समितीने आपली ताकद शिक्षक मिळवण्यावर आणि मिळालेला शिक्षक वर्गात ठेवण्यावर लावावी. कलम 26 प्रमाणे मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त ठेवता येत नाहीत. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. प्रत्यक्षात शिक्षक अर्धा दिवस मोबाइलवर माहिती भरत बसतो, पोषण आहाराच्या नोंदी करतो, फोटो पाठवतो. समितीने दर महिन्याच्या बैठकीत या महिन्यात शिक्षकाचे किती तास वर्गाबाहेर गेले याची नोंद घ्यावी आणि तसा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. मुख्याध्यापक वरिष्ठांना असे लिहू शकत नाही, पालक लिहू शकतात. माझ्या अनुभवात ठरावाच्या कागदाला कार्यालयात उत्तर द्यावेच लागते, उशिरा का होईना.

कार्यकर्ता, पांढरकवडा परिसर

गुरुजींनी घरच्या भाषेचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आमच्या भागात शाळेच्या पटावरची बरीच मुले कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची आहेत. राज्यातल्या तीन आदिम जमातींत कोलामांची गणना होते. त्यांच्या घरी कोलामी बोलतात, आणि पहिलीत आलेल्या मुलाला मराठीच नवी असते. त्या मुलावर पहिलीपासून गणित इंग्रजीतून लादणे म्हणजे त्याला दोन परक्या भाषांच्या मध्ये उभे करणे आहे. मुलाला शक्यतो मातृभाषेतून शिकवावे असे कलम 29 सांगते, आणि सेमी इंग्रजीचे आश्वासन देणाऱ्या उमेदवाराने आधी पोडावर जाऊन तिथल्या पालकांना विचारावे. दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यायचे, हेही कलम 21 मध्येच आहे. पण पोडावर सभेची दवंडी पोहोचत नाही आणि नावे गावठाणातूनच ठरतात. वेचणीला जाणारी मुले बहुतेक याच घरांतली आहेत. ज्यांच्या गैरहजेरीवर इतकी चर्चा चालली आहे, त्यांचे आईबाप समितीत नसतील तर वेचणीच्या दिवसांत शाळेची वेळ बदलावी की लहान भावंडांना अंगणवाडीत दिवसभर ठेवण्याची सोय करावी, हे कोण सांगणार?

पालक, घाटंजी तालुका

सर्वांचे आभार. ताईंचा वेळेचा मुद्दा मी आजच मुख्याध्यापकांपुढे मांडला असून सभा संध्याकाळी साडेसहाला घ्यावी असा अर्ज काही पालकांच्या सह्यांनिशी देत आहोत. पोडावर निरोप देण्याचे काम मी आणि आणखी दोघांनी अंगावर घेतले आहे.

आर्वीच्या अध्यक्षांशी मात्र माझा मतभेद कायम आहे. पट महत्त्वाचा आहे हे मान्य; पण कॉन्व्हेंटमध्ये गेलेल्या मुलांच्या पालकांशी बोललो तेव्हा ‘तिथे भिंत आहे’ असे एकानेही सांगितले नाही. ‘तिथे रोज गृहपाठ तपासतात’ असे बहुतेकांनी सांगितले. आपल्या शाळेतला मुलगा तिसरीत खणखणीत वाचू लागला तर ती बातमी गावात कमानीपेक्षा लवकर पसरेल, आणि सेमी इंग्रजीचा विचार त्यानंतर पाचवी-सहावीत करता येईल. मराठी न वाचणाऱ्या मुलाच्या हाती इंग्रजी गणिताचे पुस्तक दिल्याने आईची भीती कमी होणार नाही, एक वर्ष पुढे ढकलली जाईल.

गुरुजी, परीक्षक होण्याची आमची इच्छा नाही. शिक्षकांनी स्वतः घेतलेल्या वाचन पडताळणीचा वर्गवार गोषवारा दर महिन्याच्या बैठकीत ठेवावा, आणि त्याच कागदावर आपण म्हणता ते वर्गाबाहेर गेलेले तासही लिहावेत, एवढीच माझी मागणी आहे. दोन्ही आकडे शेजारी असले की दोष कुठे आहे हे शिक्षकालाही सांगता येईल.

माजी समिती अध्यक्ष, आर्वी तालुका

गृहपाठाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरी एक शंका राहते. गोषवाऱ्यात चौथीतली निम्मी मुले वाचत नाहीत असे निघाले आणि ते गावात फुटले, तर व्हॅनवाल्याला आणखी काय हवे? जूनअखेरीस शाळा उघडून सप्टेंबरपर्यंत पट जुळवताना आमची दमछाक होते. तो आकडा निदान 30 सप्टेंबर उलटल्यावर मांडा.

पालक, घाटंजी तालुका

मुलांची नावे बाहेर जाऊ नयेत, इथपर्यंत मी आपल्याशी सहमत आहे. पण आकडा दडवून ठेवून मिळवलेला पट पुढच्या वर्षी टिकत नाही, कारण न वाचणारे मूल रोज संध्याकाळी आपल्याच घरी परत येते आणि आईला ते कळते. पहिल्या बैठकीपासून गोषवारा ठेवण्याचे जो उमेदवार सभेत उभा राहून कबूल करील, त्याचेच नाव मी सुचवणार आहे.