अस्थिकलश: कलाकृती असावी की निव्वळ भांडं?

चाकावरची
मी सिरॅमिकचं काम करते आणि अस्थिकलशही घडवते. माझं ठाम मत आहे की साच्यातून निघालेलं एकसारखं भांडं घेण्यापेक्षा गेलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेला कलश घ्यावा, आणि घडवणाऱ्याने त्याकडे कला म्हणूनच बघावं. इटलीत व्हिलानोव्हा संस्कृतीच्या लोकांनी इ.स.पू. नवव्या शतकाच्या सुमारास राखेसाठी मातीची छोटी घरं केली, दार-छपरासकट. नुसती साठवण करायची असती तर छपराचे वासे घडवत कोण बसलं असतं?

काम अवघड आहे. प्रौढ माणसाच्या राखेला साधारण ३.३ लिटर जागा लागते. माती वाळून, भाजून प्रत्येक दिशेने १२ टक्के आटली, की आतली जागा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. म्हणजे चाकावर ४.८ लिटरचा कलश उठवायचा. झाकण कलशावर ठेवूनच भाजायचं, नाहीतर दोन्ही आपापल्या परीने वाकतात. जिथे टेकतं तिथे ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावायचं नाही, नाहीतर ते कायमचं चिकटतं.

साधेपणा
मेहनतीबद्दल आदर आहे, पण मत पटलं नाही. घरातलं माणूस नुकतं गेलेलं असताना कोणाला कलाकाराची शैली हवी असते? त्या दिवसांत लोक समोर येईल त्याला हो म्हणतात. मग दुसऱ्याच्या घरातलं मरण कलाकाराचा विषय होऊन बसतं. असे कलश प्रदर्शनात मांडलेले पाहून मला फार अस्वस्थ वाटतं. ते भांडं जितकं गप्प असेल तितकं बरं.

चाकावरची
ब्रिटिश कुंभकार ज्युलियन स्टेअर यांनी २०१२ च्या प्रदर्शनासाठी एका माणसाची राख मिसळूनच बोन चायनाचं पात्र केलं. बोन चायनात हाडांची राख एरवीही असते, जनावरांची. इथे पात्र आणि माणूस वेगळे उरलेच नाहीत. यात मला कलाकाराचं मिरवणं दिसत नाही, खूप जवळीक दिसते.

साधेपणा
मला उलट तिथेच भीती वाटते. इतक्या जवळ जायचा हक्क फक्त घरच्यांचा आहे.

भट्टीराखण
दोघांनाही विचारतो, पुढे त्या कलशाचं काय होणार? १२०० अंशांच्या वर भाजलेलं स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखं टणक झालेलं मातीचं भांडं, हजारो वर्षं कुजत नाही. राख पाण्यात सोडायची असेल तर कलश न भाजलेल्या मातीचा करा, तो तिथेच विरघळेल. माझ्या मते तोच सगळ्यात प्रामाणिक कलश, आणि नेमका तोच कोणी कला म्हणून मांडत नाही.

आणखी एक. विमानाने न्यायचं असेल तर जाड सिरॅमिक टाळा. क्ष-किरण यंत्रात आतलं दिसलं नाही तर अनेक ठिकाणी कलश पुढे सोडत नाहीत. राख लाकडी किंवा प्लास्टिकच्या डब्यातून न्या, कलशात नंतर भरा.

चाकावरची
न भाजलेल्या कलशाचं एकदम मान्य. तोही तितक्याच मन लावून घडवावा.

साधेपणा, घाईबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण राख थांबू शकते. दहनानंतर मिळालेल्या डब्यात ती महिनोन् महिने नीट राहते. म्हणून मी आलेल्यांना आधी परत पाठवते आणि म्हणते, सवड झाली की या, त्यांच्याबद्दल बोलू. काही जण येत नाहीत. तेही ठीकच आहे.

साधेपणा
हे वाचून बरं वाटलं. तरी एक सांगा, कलशावर तुमची सही असते का? माझ्या मते नसावी. तिथे एकच नाव शोभतं.

चाकावरची
असते, तळाला. मागे राहिलेल्या जोडीदाराला पुढे कधी त्याच मातीचा, त्याच ग्लेझचा दुसरा कलश हवा असतो. तेव्हा कोणाकडे जायचं, हे घरच्यांना कळायला हवं. सही मी काढणार नाही.