स्वाध्याय: धड्याखालचा, वेदातला आणि काकूंचा

प्रश्न: शाळेच्या पुस्तकात धड्याखालच्या प्रश्नांना 'स्वाध्याय' म्हणतात. शेजारच्या काकू मात्र दर आठवड्याला "स्वाध्यायात जाते" म्हणतात. शब्द एकच का?

उत्तर: एकच. स्व + अध्याय. फरक पडतो तो 'स्व' कोणाचा यावरून. 'स्वाध्यायोऽध्येतव्यः' या वेदवचनात स्व म्हणजे आपापली शाखा, आपल्या घराण्याकडे चालत आलेला वेदपाठ. परंपरेने आलेला वेदभाग नेमाने म्हणायचा. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला 'स्वाध्यायान्मा प्रमदः' असं बजावतो, तो हाच. मुंज झालेल्या पुरुषालाच त्याचा अधिकार, हे विसरू नये. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात अर्थ सैल होतो: ओंकारादींचा जप किंवा मोक्षशास्त्राचं अध्ययन.

काकूंचा स्वाध्याय म्हणजे पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी सुरू केलेली भक्तीची चळवळ, तिच्या बैठकीला त्या जातात. शास्त्रीबुवांचा जन्म रोह्याचा, १९२० सालचा; अनुयायांचे ते दादा. त्यांनी 'स्व' म्हणजे स्वतः असं धरलं: आपल्या आत देव आहे, त्याची ओळख करून घेणं. समास असाही सुटतो, पण वेदपाठी ब्राह्मणाच्या कानाला हा अर्थ नवाच. मला तो मोलाचा वाटतो, कारण 'शाखा' गळून पडली आणि कोळी बायाबापड्यांनाही हा शब्द आपला म्हणता आला.

प्रश्न: मग धड्याखालचा?

उत्तर: तोही 'स्वतः'वाला. विद्यार्थ्याने स्वतः सोडवायचा अभ्यास.

आणखी एक उत्तर: क्रियापदाकडेही बघा. जुना स्वाध्याय 'करायचा' असे. आता माणसं स्वाध्यायात 'जातात', 'येतात', 'असतात'. शब्द ठिकाण झाला, समूह झाला, त्यातून 'स्वाध्यायी' हे नाम निघालं. कोशांनी हा अर्थ वेगळा नोंदवायला हवा. 'पुजारी'चंही तसंच. योगेश्वर कृषी म्हणजे स्वाध्यायींचं सामाईक शेत, मत्स्यगंधा म्हणजे त्यांची सामाईक मासेमारी नाव; तिथे पाळीने फुकट राबणारा तो पुजारी. त्याचे श्रम हीच पूजा आणि पीक, मासळी देवाची. घामाच्या कामाला हे नाव देणं मला फार मोठं वाटतं.

जुन्या शब्दाला नवा अर्थ मिळाल्याचं 'त्रिकालसंध्या' तर थेट उदाहरण. मूळ संध्या सूर्याशी बांधलेली: सकाळ, माध्यान्ह, सायंकाळ. स्वाध्यायींच्या तीन वेळा म्हणजे उठताना, जेवताना, निजताना. रात्रपाळी करणाऱ्यालाही ती चुकत नाही.