शब्दचर्चा: ‘आपल्यातला’ म्हणजे नेमका कुठला?

आडवाटे:
देश बदलला की ‘आपल्यातला’चा अर्थपण बदलतो का हो? न्यू जर्सीतल्या एका मावशींचं उदाहरण देतो. लेक विशीत होती तेव्हा ‘मुलगा आपल्यातलाच हवा’, तोही पोटजातीसकट बरं का, मग ‘मराठी असला म्हणजे आपल्यातलाच की’, मग तिशी जवळ आली तसे गुजरातीपण आपल्यातले झाले कारण वरणभात खातात म्हणे, आणि शेवटी जावई मिळाला इटालियन वंशाचा. आता म्हणतात ‘अगदी आपल्यातल्यासारखा आहे हो!’ हे ‘सारखा’ कुठून उपटलं?

गवतीचहा:
‘सारखा’ लावला म्हणजे अजून पंगतीत पाट मांडलेला नाही 😄
मी तीन क्रियापदं वेगळी धरते. चालवून घेणं, चालणं आणि पटणं. ‘चालवून घेतलं’ यात मत जिथल्या तिथे असतं, फक्त भांडण संपलेलं असतं. परदेशात जाऊन अमक्याचे विचार बदलले असं आपण कौतुकाने म्हणतो त्यातलं निम्मं चालवून घेणंच असतं, कारण पोरं ऐकत नाहीत आणि नाक मुरडायला आजूबाजूला भावकी नसते. खरं पटलं असेल तर माणूस ‘आम्हाला काही प्रॉब्लेम नाही’ हे उगाच सांगत बसत नाही.

खारवा:
अमेरिका राहू द्या, आमच्या अलिबागकडचं उदाहरण घ्या. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू (यहुदी), शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली, पेणकर, रोहेकर, केहीमकर ही सगळी मंडळी. त्यांच्यात गोरे आणि काळे असे दोन गट होते. कातडीच्या रंगाचा संबंध नाही, आईबाप दोन्ही इस्राएली वंशाचे तर गोरा, आणि बिगर-यहुदी बाईपासूनचा वंश असेल तर काळा. रोटीबेटी व्यवहार बंद, विधवेचं लग्न नाही, थोडक्यात गावाचे सगळे नियम यांनाही लागलेले. पुढे हे सैल झालं तरी सोयरीक जुळवताना आठवायचंच.

1948 नंतर बरेचसे इस्राएलला गेले. तिथल्यांना कुठला गोरा नि कुठला काळा, सगळे ‘होदी’. हिब्रूत भारताला होदू म्हणतात, त्यावरून. आणि 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, नियम काढला की यांचं बाहेरच्या ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी आईकडची वंशावळ तपासा! म्हणजे जो प्रश्न गोरे काळ्यांना विचारायचे तोच आता सगळ्यांना. 1964 ला जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, तिथल्या संसदेने हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असं सांगितलं, मग नियमातलं त्यांचं नाव निघालं. एका रांगेत उभं केल्यावर गोरे-काळे कोण उगाळत बसणार.

आडवाटे:
म्हणजे विचार बदलले नाहीत, नुसती गरज पडली?

खारवा:
सुरुवात गरजेनेच होते माझ्या मते. पण पुढच्या पिढीला तो भेद शिकवायलाच कोणी बसलं नाही की तो जातो. मलिदा मात्र टिकला, पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं घालून एलियाहू हन्नावी या प्रेषिताच्या नावाने अजून करतात तिकडे. सगळंच सुटतं असं नाही, आणि काय सुटावं तेही नेहमी आपण ठरवत नाही.

गवतीचहा:
हो, आणि वर्तुळ मोठं झालं तरी काठ राहतोच, ‘होदी’च्या बाहेर कोणीतरी असणारच.
अमेरिकेत जन्मलेल्या पोरांचा शब्द ‘देसी’. त्यात मराठी, तमिळ, पाकिस्तानी, बांगलादेशी सगळे एकत्र, इतकं मोठं ‘आपल्यातले’ इथे आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा नसतं. पण आला हिंदीतून, मराठीत तो काही नीट बसत नाही.

आडवाटे:
कसा बसणार, आपल्याकडे देशी म्हटलं की कोंबडी नाहीतर दारू!