खासगी साखर कारखाना नीतीने वागू शकतो का?

भीमाकाठ

गाळप हंगाम तोंडावर आला की गावोगाव एक वाक्य ऐकू येतं: "खासगीला ऊस घाला, पैसे तरी वेळेवर मिळतात." मला हे पटत नाही. जी कंपनी भागधारकाच्या नफ्यासाठीच उभी आहे, ती शेतकऱ्याशी सोयीपुरतीच नीतीने वागणार. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला तो याच अनुभवातून.

1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. एकरी 40 टन ऊस आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला 2,800 रुपये धरा. झाले 1,12,000. मुदत संपल्यावर 60 दिवस ते अडकले तर व्याज होतं साधारण 2,762 रुपये. ही रक्कम किती बिलांवर दिसते? मागितली तर पुढच्या वर्षी तोड लांबेल आणि ऊस फडात वाळेल, या भीतीने माणूस गप्प बसतो. कारखान्याला तेवढंच बिनव्याजी भांडवल मिळतं.

ताळेबंद

भीमाकाठ, व्याजाचा हिशेब बरोबर आहे, पण आरोपी चुकला. एफआरपी थकवली म्हणून साखर आयुक्त महसुली वसुलीचे आदेश काढतात, त्यात सहकारी कारखानेही असतात. तिथे तर शेतकरीच मालक.

खरी अडचण रोखीची आहे. उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे आणि साखर विकायची वर्षभर. मधल्या काळात साखरेची पोती तारण ठेवून बँकेकडून उचल घ्यायची, त्यातून बँक आधी जुन्या कर्जाचा हप्ता कापून घेणार. 2018-19 मध्ये एफआरपी क्विंटलला 275 रुपये होती (पायाभूत उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, 10 टक्के), 2025-26 साठी ती 355 झाली (उतारा 10.25). साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी 2019 मध्ये 31 रुपये किलो ठरला आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिला. ज्याच्याकडे आसवनी (मळीपासून अल्कोहोल काढायचा प्रकल्प) आहे, सहवीजनिर्मिती आहे, स्वतःचं भांडवल आहे, तोच वेळेवर पैसे देऊ शकतो. नफा आहे म्हणून देणं जमतं.

काटेतोल

तुम्ही दोघं दरावर भांडताय, पण दराला गुणायचं ते वजन. पाच लाख टन गाळपात एक टक्का काटा मारला, म्हणजे वजन कमी दाखवलं, तर 5,000 टन, म्हणजे 2,800 च्या भावाने 1 कोटी 40 लाख. हे पैसे कुठल्याच ताळेबंदात दिसत नाहीत.

वैधमापन विभागाचं वर्षाचं सील शाबूत असलं म्हणून निर्धास्त राहू नका. रिकाम्या गाडीचं वजन दर खेपेला नव्याने घ्यायला हवं. आधीचं नोंदलेलंच वापरलं आणि ते 100 किलो जास्त असलं, तर काटा अचूक असूनही प्रत्येक खेपेला 100 किलो ऊस गेला. दुसरं म्हणजे भरलेली गाडी काट्याच्या पुढच्या टोकाला, मधे आणि मागच्या टोकाला उभी करून तीन आकडे घ्या. त्यात मोठा फरक आला तर खालचा एखादा लोडसेल (वजन मोजणारा संवेदक) नीट भार घेत नाही. पावतीवर भरलेलं वजन, रिकामं वजन, दोन्हींची वेळ आणि मोळी बांधणीची वजावट हे सगळं छापलेलं हवं. नुसतं निव्वळ वजन असलेली पावती हातात घेऊ नका.

जिथे शेतकऱ्याला बाहेरच्या काट्यावरून गाडी नेऊ देतात तिथे चोरी अवघड होते. मालक खासगी आहे की सहकारी, यापेक्षा मी हे आधी विचारीन.

भीमाकाठ

काट्याचं मान्य. पण ताळेबंद, रोखीची अडचण एवढी खरी असेल तर सरकारचं दार वाजवून नियमच वाकवून का घेतला? फेब्रुवारी 2022 च्या शासन निर्णयाने एफआरपीचे दोन तुकडे केले: आधी पायाभूत उताऱ्यावर, उरलेली हंगाम संपल्यावर. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तीन वर्षं शेतकऱ्याचा हक्काचा पैसा कायदेशीर दिसणाऱ्या वाटेने अडकला होता.

ताळेबंद

त्या निर्णयाचा फायदा सहकारी कारखान्यांनीही घेतला. म्हणजे तुमचा मुद्दा नफ्याच्या विरोधात जात नाही.

उसाचं पाचट

या धाग्यावर अजून एक माणूस आलाच नाही: तोडणारी बाई. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल (आगाऊ पैसे) मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, नवऱ्याच्या नावावर, एक दिवस खाडा (गैरहजेरी) झाला की दंड. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. खाडा आणि दंडाच्या धाकात पाळी, दुखणं, गरोदरपण कुठे बसवायचं?

तोडणीचा खर्च कापला जातो एफआरपीतून, म्हणजे शेतकऱ्याच्या पैशातून. कारखाना कागदावर मालक नसतो, मुकादम असतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणी दरात 34 टक्के वाढ ठरली, तिचा भारही त्याच वजावटीत गेला. ऊसतोड कामगारांच्या कल्याणाच्या महामंडळासाठी टनाला 10 रुपये दिले की कारखाना मोकळा.

ताळेबंद

इथे नफाच कामाला येईल असं मला वाटतं. शीतपेयं आणि बिस्किटं बनवणाऱ्या मोठ्या खरेदीदारांना आता तपासणी झालेली साखर लागते. त्यासाठी बॉन्सुक्रोसारखी, ऊस आणि साखर नीट पिकवली-बनवली का हे तपासणारी प्रमाणपत्रं आहेत. ऑर्डर जायची भीती असली की कारखाना सुधारतो.

उसाचं पाचट

तपासनीस फडात आला तरी रजिस्टर कोणाचं बघणार? हजेरी मुकादमाच्या वहीत, आणि त्या वहीत बाईचं नाव नाही, कोयता म्हणून एकच नोंद. खरेदीदाराला खरंच हवं असेल तर करारात दोन ओळी घालाव्यात: प्रत्येक कोयत्यामागे दोन नावं आणि दोन बँक खाती, आणि आजारपणाच्या खाड्याला दंड नाही. या अटीवर साखर घेणारा एक तरी खरेदीदार दाखवा, मग नफ्याच्या नीतीवर बोलू.